प्लेटलेट मोजता येतात, स्वभावाचं काय?

तुमची पत्रं, डॉक्टरबाईंची उत्तरं

दिवाळीनंतरच्या अंकात लकव्यानंतरच्या गोळ्यांवर मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्या चार ओळींवर पत्रं आली सव्वीस. काही पोस्टानं आली, काही राळेगावच्या माझ्या दवाखान्यात हातोहात, आणि एक तर औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं. बहुतेकांच्या मनातला घोळ एकच दिसला, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आणि त्यांच्यावरच्या गोळ्यांचा, म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवले आहेत. शुगरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : डॉक्टरबाई, माझे मामाजी (सासरे) 62 वर्षांचे आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत वावरातच त्यांच्या उजव्या हातातली ओटी सुटली आणि तोंड वाकडं झालं. बोलणं जड झालं. यवतमाळला पोचेपर्यंत पुष्कळ सुधारले होते. तिथं 'छोटा झटका आहे, गुठळीचा आहे' असं सांगितलं आणि ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या दिल्या. 21 दिवसांनी क्लोपिडोग्रेल बंद करून ॲस्पिरिन एकच ठेवली. आता तीन महिने झाले. मागच्या आठवड्यात रक्त तपासलं, प्लेटलेट 2 लाख 40 हजार आल्या, म्हणजे नॉर्मल. तेव्हापासून मामाजींनी राहिलेली गोळीही सोडली. म्हणतात, 'रिपोर्ट नॉर्मल आहे तर विष कायले खायचं?' त्यांना काय सांगू? आणि दोन गोळ्या चांगल्या होत्या तर एक बंद का केली? — एक सून, कळंब तालुका

उत्तर : सूनबाई, पत्र वाचून होताच गोळीचं बघा, खुलासा नंतर वाचा. ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना आजच फोन लावा. पोटात आग, काळी शौच, कुठून रक्त जाणं असं काही नसेल, तर बहुधा ते आजपासूनच पुन्हा सुरू करायला सांगतील.

मामाजींचं म्हणणं चुकलं आहे, पण ते वेडगळ नाही. डेंग्यूच्या साथीनं आपल्याला प्लेटलेट म्हणजे आकडा असं शिकवलं. आकडा पडला की नागपूरला पळायचं, आकडा चढला की सुटी. लकव्याचं गणित तसं नाही. ज्या दिवशी त्यांच्या हातातून ओटी सुटली, त्या दिवशी रक्त तपासलं असतं तरी आकडा जवळपास एवढाच आला असता. दीड लाख ते साडेचार लाख ही नेहमीची मर्यादा, आणि लकव्याचे बहुतेक रुग्ण तिच्या आतच असतात. आकडा साडेचार लाखांच्या फार वर जाऊन गुठळ्या होण्याचा एक आजार आहे, पण तो विरळा.

बिघडतो तो प्लेटलेटचा स्वभाव, किंवा खरं सांगायचं तर स्वभावही बिघडत नाही. ती बिचारी आपलं रोजचंच काम करते, पण नको त्या जागी.

निंदताना विळा बोटाला लागतो तेव्हा काय होतं ते आठवा. रक्त येतं, तुम्ही बोट दाबून धरता, थोड्या वेळानं थांबतं. त्या चिरेशी सगळ्यात आधी प्लेटलेट पोचतात. एरवी त्या रक्तातून बशीसारख्या चपट्या, गुळगुळीत वाहत असतात. शिरेचं अस्तर फाटून आतला तंतू उघडा पडला की त्याला चिकटतात, आणि चिकटताच रूप बदलतात. अंगाला काटे फुटतात, त्या गोखरूसारख्या दिसू लागतात. मग पोटातली रसायनं बाहेर टाकतात. ती रसायनं म्हणजे हाकाटी. 'इकडं या, बांध फुटला' म्हटल्यावर बाजूनं जाणाऱ्या प्लेटलेटही काटे काढून येऊन बसतात. पाट फुटल्यावर पहिल्यांदा हाताला येईल ते ढेकूळ टाकतात ना, तसं. त्या ढेकळांवर मग फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं बसतं, पऱ्हाटी आडवी टाकून लिंपावं तसं, आणि बुजलेली जागा पक्की होते. फुटलेल्या जागी प्लेटलेटच चिकटून बसतात हे इटलीच्या जूलिओ बिझोझेरो यांनी 1882 सालीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहून ठेवलं आहे.

आता मामाजींच्या मानेतली किंवा मेंदूतली धमनी घ्या. बीपी, तंबाखू, शुगर, वय, कशानं का असेना, तिच्या आतून चरबीचा थर साचलेला. एक दिवस त्या थराचं साल तडकलं. प्लेटलेटला काय कळणार की ही चीर बाहेरून पडलेली नाही? तिला वाटलं विळा लागला. ती धावली, काटे काढले, हाकाटी केली, भोक बुजवलं. पण तिथं बुजवायला भोक नव्हतंच, वाहती वाट होती. बुजली ती वाट.

ॲस्पिरिन नेमकी त्या हाकाटीवर घाव घालते. प्लेटलेट जी रसायनं सोडते त्यांतलं एक म्हणजे थ्रॉम्बॉक्सेन. ते तयार करणारं यंत्र ॲस्पिरिन कायमचं बंद पाडते. 'कायमचं' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. प्लेटलेटला केंद्रक नसतं, ती हाडांतल्या मगजातल्या एका मोठ्या पेशीचा तुटलेला तुकडा असते. त्यामुळे मोडलेलं यंत्र तिला पुन्हा बनवता येत नाही. उरलेलं आयुष्य ती मुकी. आणि तिचं आयुष्य असतं सात ते दहा दिवसांचं. म्हणजे या शुक्रवारच्या बाजाराला जन्मली तर पुढच्या बाजाराला म्हातारी.

एवढीशी, 75 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा पुरते ती यामुळे. रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट नव्या येतात, त्यांना रोजची गोळी गाठते. एक दिवस गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. पण बाजार ते बाजार गोळी बंद राहिली, की अंगातली बहुतेक फौज नवी झाली म्हणून समजा. त्या नव्यांतल्या एकीचंही तोंड बांधलेलं नाही. मानेतला तो थर मात्र जिथल्या तिथंच आहे. मामाजींच्या रिपोर्टात यातलं काही दिसणार नाही. गोळी घेतली काय, सोडली काय, आकडा 2 लाख 40 हजारच येईल. गोळी प्लेटलेट मारत नाही, हे त्यांना याच शब्दांत सांगा. 'विष' म्हणत असतील तर त्यांना यानं बरं वाटेल.

दुसरी गोळी बंद का केली? क्लोपिडोग्रेल दुसरी हाक अडवते, एडीपी नावाच्या रसायनाची. छोट्या झटक्यानंतर पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे असतात, तडकलेलं साल ओलंच असतं. तेव्हा दोन्ही तोंडं बांधलेली बरी. चीनमध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांवर झालेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या ॲस्पिरिनवर असलेल्या शंभरांतल्या जवळपास बारा जणांना तीन महिन्यांत पुन्हा झटका आला, आणि सुरुवातीला दोन्ही गोळ्या मिळालेल्या शंभरांतल्या आठ जणांना. दोन्ही एकत्र दिल्या त्या पहिले 21 दिवस. पुढे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बहुतांशी अमेरिकेतल्या अभ्यासात दोन्ही गोळ्या तीन महिने चालवल्या. फायदा बहुतेक सगळा पहिल्या तीन आठवड्यांतच पदरात पडला, रक्तस्राव मात्र वाढला. म्हणून 21 दिवस. यवतमाळच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं.

बीपी किती आहे ते पत्रात लिहिलेलं नाही. ते मोजा. बीपी मोकाट सुटलेलं असेल तर एकटी ॲस्पिरिन तरी काय करणार?

प्रश्न : बाई, मले लिवता येत नाही, नातू लिवून देते. आमच्या गावात एक जण थंडी लागली का मोटारसायकलवर येते अन् रक्त पातळ करायच्या दोन-दोन बाटल्या लावून देते. सातशे रुपये घेते. म्हणते, वर्षभर लकवा येत नाही. माह्या बुढ्याले दोन साल झाले लावून रायलो. औंदा पैसे नाहीत. नाही लावली तर होईन का काही? अन् लकव्याच्या हातावर पारव्याचं रक्त चोळतात, त्यानं गुण येते का? — मारेगावकडची एक आजी

उत्तर : आजी, औंदा पैसे नाहीत हे एका परीनं बरंच झालं. बाटलीत मीठ-पाणी असते, नाहीतर साखर-पाणी, कधी त्यात पिवळं व्हिटॅमिन. ते काही तासांत लघवीवाटे निघून जाते. वर्षभर लकवा अडवणारी बाटली जगात कुठंच नाही. बाबाजीचं हृदय कमजोर असलं तर दोन बाटल्यांनी धाप लागू शकते, आणि सुई स्वच्छ नसली तर कावीळ मागं लागते ती वेगळीच. त्या सातशे रुपयांत ॲस्पिरिन अन् बीपीची साधी गोळी मिळून कितीतरी महिने निघतात. सरकारी दवाखान्यात तर बीपीची गोळी फुकट असते. पण ॲस्पिरिन आपल्या मनानं सुरू करायची नाही. ज्याला कधी लकवा नाही, हृदयाचा त्रास नाही, त्याला ती उगीच दिली तर पोटातून रक्त जायची भीती जास्त. आधी बाबाजीचं बीपी पाहून घ्या.

पारव्याचं म्हणाल, तर लकव्याची गाठ मेंदूत असते, हातात नसते. हाताला चोळून ती कशी सुटेल? बऱ्याच लोकांचा हात पहिल्या तीन महिन्यांत आपोआप थोडा सुधारतो, व्यायामानं आणखी सुधारतो, अन् नाव होतं पारव्याचं. चोळायचंच असेल तर कोमट तेलानं चोळा, बोटं एकेक सरळ करा, खांदा फिरवा. पारव्याला उडू द्या.

प्रश्न : 'रक्त पातळ करण्याची गोळी' घेतल्यापासून वडिलांना सारखी थंडी वाजते. रक्त पाण्यासारखं झालं असेल का? — वणी

उत्तर : नाही. ताकात पाणी घातल्यासारखं काही होत नाही. रक्त तेवढंच दाट राहतं, फक्त गुठळी धरायला उशीर करतं. 'पातळ' हा शब्द आम्हा डॉक्टरांनीच सोयीसाठी पसरवला आणि आता तोच आमच्या मुळावर आला आहे. थंडी वाजते तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. शौचाचा रंग डांबरासारखा काळा आहे का, हे मात्र आजच विचारा. ॲस्पिरिननं पोटातून थेंब थेंब रक्त जात असेल तर हिमोग्लोबिन उतरतं. तसं असलं तर लगेच दाखवा.

प्रश्न : हार्ट अटॅकमध्ये ॲस्पिरिन चघळायला देतात असं ऐकलं. मग लकव्याचा झटका आल्याबरोबर घरीच दिली तर? मी घरात पाकीट आणून ठेवलं आहे. — एक शिक्षक, आर्वी

उत्तर : गुरुजी, ते पाकीट कपाटात राहू द्या. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

1993 साल. मी नुकतीच गावाकडं आले होते, पदवीची शाई ओली. माझी थोरली आत्या, वय 58, सकाळी अंगणात सडा टाकताना पडली. डावं अंग गेलेलं, डोकं दुखतं म्हणून कण्हत होती, एक उलटी झाली. मी बॅगेतून ॲस्पिरिनची 300 ची गोळी काढली, वाटीत कुस्करली आणि चमच्यानं पाजली. तिला जोराचा ठसका लागला, तेव्हाही मला कळलं नाही की तिचं गिळणंच गेलं आहे. जीपमध्ये घालून नागपूर गाठलं. सिटी स्कॅन तेव्हा तिथंच होता. काळ्या-करड्या फिल्मवर मेंदूच्या उजव्या बाजूला लिंबाएवढा पांढरा डाग. गुठळी नव्हती, शीर फुटून रक्त सांडलं होतं. तिसऱ्या दिवशी आत्या गेली. रक्तस्राव एवढा मोठा होता की गोळी दिली नसती तरी ती वाचली असती असं मी म्हणू शकत नाही. पण फुटलेला बांध बुजवायला निघालेल्यांची तोंडं मी माझ्या हातानं बांधली होती. ती वाटी आमच्या घरी अजून आहे.

दहांतले साधारण आठ लकवे गुठळीचे असतात, दोनेक रक्तस्रावाचे. बाहेरून बघून, नाडी धरून, जीभ बघून त्यांतला फरक मलाही खात्रीनं कळत नाही आणि कोणालाच कळत नाही. कळतो तो सिटी स्कॅनवर. म्हणून स्कॅन होईपर्यंत ॲस्पिरिन नाही, पाणी नाही, चहा नाही, कांदा फोडून हुंगवणं नाही. हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, नाव-गाव विचारा. तोंड वाकडं, एक हात खाली किंवा शब्द अडखळले, की 108 ला फोन, नाहीतर मिळेल ती गाडी. आणि एक गोष्ट कागदावर लिहून घ्या : माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते फायब्रिनच्या जाळ्यावर काम करतं. ते दिल्यावर पहिले 24 तास आम्ही स्वतःसुद्धा ॲस्पिरिन देत नाही, एवढं हे तोलून चालतं. आर्वीहून सिटी स्कॅनची सोय असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं, हे आजच विचारून ठेवा. गाडीत बसल्यावर ते ठरवू नये. साडेचार तास उलटून गेले म्हणून घरी मात्र थांबू नका. मोठी धमनी तुंबली असेल तर काही निवडक रुग्णांची गुठळी तारेनं ओढून काढतात, त्याची मुदत जास्त असते.

प्रश्न : आईला दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, ॲस्पिरिन सुरू आहे. सहज रक्त तपासलं तर प्लेटलेट 38 हजार! ताप नाही, हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर डाग नाहीत. घाबरून गोळी बंद केली, पपईच्या पानांचा रस सुरू केला. चार दिवसांनी पुन्हा 41 हजार. काय करू? — एक मुलगा, पुसद

उत्तर : भाऊ, एवढ्या कमी आकड्याला गोळी थांबवून विचारणं चुकीचं नाही. पण पत्रात तुम्ही स्वतःच जी ओळ लिहिली, 'ताप नाही, रक्त नाही, डाग नाहीत', तिच्यावर माझी नजर अडकली. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडेही असेच एक काकाजी आले. आकडा 40 हजारांच्या आसपास, आणि माणूस सायकलवर दवाखान्यात आलेला.

आमच्या गावच्या लॅबवाल्या पोराला मी म्हटलं, यंत्र बंद कर, काचपट्टी कर. त्यानं रक्ताचा थेंब काचेवर ओढला, वाळवला, रंग दिला. सूक्ष्मदर्शकात बघायला मला बोलावलं. लाल पेशी वाटाण्याच्या डाळीसारख्या पसरलेल्या, आणि पट्टीच्या शेपटाकडे प्लेटलेटचे घोसच्या घोस. वीस-वीस, तीस-तीस जणी जांभळ्या बुंदीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. यंत्राला त्या घोसाची एक प्लेटलेटही धड वाटली नव्हती, त्यानं तो सोडूनच दिला होता. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं. काही मोजक्या लोकांच्या प्लेटलेट त्या रसायनातच चिकटतात. अंगात नाही, फक्त नळीत. काकाजींचं रक्त निळ्या बुचाच्या नळीत, म्हणजे सायट्रेटमध्ये घेतलं आणि लगेच मोजलं. 2 लाख 10 हजार. पंधरा मिनिटांत दीड लाखाच्या वर उडी! पपईला मात्र श्रेय मिळालं नाही.

तुमच्या आईचं असंच असेल असं मी पत्रावरून सांगणार नाही. खरोखर कमी असण्याची कारणंही आहेत, काही औषधं, यकृत, प्लीहा, रक्ताचे आजार. पण उद्याच लॅबमध्ये जाऊन दोन वाक्यं म्हणा : 'स्मिअरवर, म्हणजे काचपट्टीवर, घोस दिसतात का बघा' आणि 'निळ्या नळीत पुन्हा मोजा.' आकडा खोटा निघाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. खरा निघाला तर फिजिशियनकडे जा, आणि रस बंद.

प्रश्न : पुतण्या म्हणतो, नागपुरात एक तपासणी होते, तिच्यात ॲस्पिरिन आपल्याला लागू पडते की नाही ते कळतं. करावी का? — देवळी

उत्तर : तपासणी खरी आहे, आणि तिची कल्पना मला फार आवडते. 1962 मध्ये लंडनला गुस्ताव बॉर्न यांनी ती काढली. रक्तातला प्लेटलेटचा गढूळ द्रव घ्यायचा, त्यातून प्रकाश सोडायचा. मग प्लेटलेटना चिथावणारं रसायन घालायचं. त्या घोस करून बसल्या की द्रव निवळतो आणि प्रकाश जास्त आरपार जातो. पुरात गढूळ झालेल्या पाण्यात तुरटी फिरवावी तसं. आकडा नाही, स्वभाव मोजायची हीच खरी रीत.

पण लकव्याच्या प्रत्येक रुग्णाची ती करून त्यावर गोळ्या बदलल्यानं पुढचे झटके कमी होतात, असं दिसून आलेलं नाही. म्हणून ती सरसकट करायला सांगत नाहीत. क्लोपिडोग्रेलचं मात्र एक वेगळं आहे. ती पोटात जाते तेव्हा निद्रिस्त असते, यकृतातलं एक एन्झाइम तिला जागं करतं, आणि आपल्याकडच्या पुष्कळ लोकांत ते एन्झाइम जन्मतःच मंद असतं. ॲसिडिटीसाठी लोक घेतात ती ओमेप्राझोलही त्याच एन्झाइमला अडवते. क्लोपिडोग्रेल सुरू असेल तर ॲसिडिटीची गोळी कुठली घेता ते डॉक्टरांना सांगा. माझ्या अनुभवात 'गोळी लागू पडत नाही' असं सांगत आलेल्यांची पाकिटं तपासली, की अर्ध्यांची गोळी पडलेलीच नसते. पाकिटात असते.

प्रश्न : माझ्या घरवालीला हृदयाच्या झडपेचा त्रास, ठोके अनियमित, त्यातून लकवा झाला. तिला वॉरफेरिन आहे, दर महिन्याला पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) तपासा म्हणतात. जाणं-येणं, मजुरी बुडणं. शेजाऱ्यासारखी ॲस्पिरिन नाही का चालणार? शिवाय पालेभाजी बंद सांगितली आहे. — हिंगणघाट तालुका

उत्तर : नाही चालणार, आणि तुमची दगदग कळूनही 'नाही'च लिहावं लागतं आहे. शेजाऱ्याची गुठळी वेगानं वाहणाऱ्या धमनीत, तडकलेल्या सालावर झाली, ती मुख्यतः प्लेटलेटची. तुमच्या घरी गुठळी होते ती हृदयाच्या डाव्या कप्प्यात. ठोके नीट नसल्यानं तिथं रक्त डबक्यासारखं साचतं, आणि साचलेल्या रक्तात फायब्रिनचं जाळं विणलं जातं. त्या जाळ्यावर ॲस्पिरिन फारशी चालत नाही. वॉरफेरिन हे जाळं विणणारे घटक यकृतात तयार होतानाच अडवतं. लहानपणच्या सांधेतापानं झडप अरुंद झालेली असेल तर नव्या महाग गोळ्यांपेक्षाही हे जुनंच औषध बरं, असं 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. आयएनआर सहसा 2 ते 3 मध्ये ठेवतात, तुमच्या बाईंना किती हवा ते त्यांच्या डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव, म्हणून महिन्याची खेप.

या औषधाचा शोध तुम्हा जनावरं पाळणाऱ्यांना पटेल असा आहे. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात गुरं बारीकशा जखमेनंही रक्त जाऊन मरू लागली. कारण निघालं बुरसलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळात मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये तिचं न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत थडकला. त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधायला पुढं सहा-सात वर्षं गेली. त्यावरून बनलेलं वॉरफेरिन आधी उंदराचं औषध म्हणून विकलं गेलं, आणि 1954 पासून माणसांसाठी. उंदराचं औषध म्हणून घरवालीला घाबरवू नका, मात्रेचा फरक आहे.

पालेभाजी बंद करू नका. पालक-मेथीतलं व्हिटॅमिन के या औषधाच्या उलट काम करतं हे खरं, पण त्रास होतो तो चढउतारानं. महिनाभर काही नाही आणि मग सलग चार दिवस पातळभाजी, असं नको. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच दर आठवड्याला खा, गोळीचा डोस त्या खाण्यावर बसवता येतो.

प्रश्न : लकव्याची गोळी सुरू असताना खर्रा चालतो का? सिगारेट मी ओढत नाही. — नाव नको, घाटंजी

उत्तर : नाही. पन्नीत घोटला म्हणून तंबाखूचा बीपीवरचा परिणाम कमी होत नाही. एकीकडं गोळीनं प्लेटलेट गप्प करायच्या आणि दुसरीकडं दिवसाला आठ खर्रे, हे तुम्हालाच हसू येईल असं आहे. नाव दिलं नाही, पण मी बहुतेक ओळखलं आहे.

प्रश्न : गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवाल्याकडून आयब्रुफेनची गोळी घेतो, ॲस्पिरिनही सुरू आहे. दोन्ही चालतात ना? शिवाय या महिन्यात दाढ काढायची आहे, शेजारी म्हणतात ॲस्पिरिन आठ दिवस बंद ठेवा. — काटोल

उत्तर : काकाजी, आयब्रुफेन ज्या फटीत जाऊन बसते तीच फट ॲस्पिरिनला हवी असते. आयब्रुफेन आधी गेली तर ॲस्पिरिनला दार बंद, आणि तोवर तिची वेळ निघून जाते. वर दोन्ही मिळून पोटाला जखम करतात. गुडघ्यासाठी पॅरासिटॅमॉल, शेक आणि मांड्यांचा व्यायाम बघा. वेदनेची दुसरी गोळी लागलीच तर तुमच्या डॉक्टरांकडून वेळा ठरवून घ्या.

दाढेसाठी साधी ॲस्पिरिन सहसा बंद करत नाहीत. आठ दिवसांत नवी फौज तयार होते हे वर लिहिलंच आहे, आणि जबड्यातलं रक्त दाबून थांबवता येतं, मेंदूतली गुठळी दाबून काढता येत नाही. दातांच्या डॉक्टरांना खुर्चीत बसण्याआधी सांगा : लकवा कधी झाला, गोळ्या कुठल्या, एक की दोन. सकाळची वेळ घ्या, म्हणजे रक्त थांबायला उशीर झाला तरी दवाखाना उघडा असेल. नंतर ते देतील तो गॉजचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरा, दर दोन मिनिटांनी काढून बघू नका. आणि घरचा सरकी काढलेला कापूस तिथं कोंबू नका.